रोटाहेलर सुटला, पंप आला: सवय कशी करायची?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. दम्यावर इथे आधी एक-दोन धागे होऊन गेलेत, वाचले. पण माझा प्रश्न जरा वेगळा आहे म्हणून नवीन काढतेय.

दमा मला शाळेत असल्यापासूनचा. बरीच वर्षं रोटाहेलरवर, म्हणजे कॅप्सूल घालून पावडर ओढायच्या यंत्रावर होते. सकाळ-संध्याकाळ फोराकोर्टची एक-एक कॅप्सूल, आणि मध्ये दम लागला तर अस्थालिनची. यंदाच्या पावसाळ्यात मात्र रात्री उठून उशीला टेकून बसायची पाळी यायला लागली. शाळेचा एक जिना चढला तरी छातीत सूं सूं. डॉक्टरांनी पीएफटी (फुप्फुसांची फुंकायची तपासणी) केली आणि म्हणाले, पावडर ओढायला जो जोर लागतो तो तुमचा हल्ली पुरत नाही. रोटाहेलर बंद, तेच औषध आता पंपातून, म्हणजे फवाऱ्याच्या इनहेलरमधून. शिवाय अस्थालिन वेगळी नको, एरवी दम लागला तरी याच पंपाचा एक फवारा घ्यायचा.

आता माझं रडगाणं. फवारा घशावर गार सपकन बसतो आणि लगेच खोकला येतो. रोटाहेलरमध्ये कॅप्सूल आत खडखडायची, जिभेवर थोडी गोडसर चव यायची, औषध गेलं हे कळायचं. इथे काहीच कळत नाही. घेतलं की नाही अशी शंका येते आणि अजून एक मारावासा वाटतो. हातही थरथरतो, फळ्यावर लिहिताना खडू नाचतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. मधल्या सुट्टीपर्यंत आवाज पार बसतो. पाढे म्हणून घ्यायचे कसे?

दवाखान्यात गर्दी एवढी की पंप कसा घ्यायचा ते बाहेरच्या मुलीने उभ्या-उभ्या दाखवलं. ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी सांगा: ओढायचा कसा, स्पेसर (पंपाला पुढे लावायचं नळकांडं) घ्यावा का, आणि फरक कळायला किती वेळ लागतो?

टिवल्याबावल्या

पाढे मुलांनाच म्हणू द्या की, ताई. हलकेच घ्या.
आमचे बाबा पंपावर आहेत, त्यामुळे बसतो इथे कोपऱ्यात.

काउंटरमागचा

नाशिकला औषधाचं दुकान आहे माझं. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच, म्हणून सविस्तर लिहितो.

पावडर आणि पंप यांचा श्वास एकमेकांच्या उलटा आहे, आणि हे सांगायचंच राहून जातं. रोटाहेलरमधल्या पावडरीत औषध चिमूटभरसुद्धा नसतं, बाकी सगळं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. ती गोड चव औषधाची नव्हती ताई, साखरेची होती. औषधाचे कण त्या साखरेला चिकटलेले असतात आणि त्यांना सुटं करायचं काम तुमचा श्वास करतो. म्हणून तिथे पहिल्या क्षणापासून जोरात, खोल ओढायचं. पंपात आत दाबाखाली गॅस असतो. फवारा आधीच सुसाट सुटलेला, त्यात आपण पावडरीसारखा जोर लावला की सगळं घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं. तुमचा गार सपका तो हाच. तेव्हा पंपाला सावकाश. गरम चहाचा वास घेताना ओढतो तितकं सावकाश, फक्त तोंडाने.

टोपण काढलं की तोंडात धरायच्या आधी आत बघा. पर्समधल्या पंपात टिकलीपासून रुपयाच्या नाण्यापर्यंत काहीही निघालेलं मी पाहिलंय. मग पंप चांगला हलवायचा, कारण औषध आत खाली बसलेलं असतं. श्वास बाहेर सोडून छाती रिकामी करायची, पण पंपात नाही. नळी दातांच्या मध्ये, ओठ घट्ट मिटलेले, जीभ खाली. ओढायला सुरुवात करायची आणि लगेच दाबायचं. दाबलं म्हणून थांबायचं नाही, चार-पाच सेकंद ओढतच राहायचं. मग दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखायचा. दुसरा फवारा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. एकाच श्वासात दोन दाबू नका.

आरशासमोर उभं राहून घेऊन बघा. ओठांच्या कडेने किंवा नाकातून वाफ निघताना दिसली तर तेवढं औषध हवेत गेलं.

नवा पंप असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर आधी हवेत काही फवारे सोडावे लागतात. किती ते खोक्यातल्या कागदावर असतं. तो कागद कुणी वाचत नाही, दुकानातच टाकून जातात.

अडुळसा

वाचून वाईट वाटले. एकदा पंप लागला की सुटत नाही हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. शेजारचे एक गृहस्थ पंपावर गेले ते शेवटपर्यंत. त्यातून हे स्टेरॉइड. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. आयुर्वेदात दम्याचे, म्हणजे तमक श्वासाचे, उत्तम वर्णन आहे. अडुळसा, ज्येष्ठमध, सितोपलादी. कफ सुटा झाला की श्वास आपोआप मोकळा होतो. आमचे लातूरचे नातेवाईक तर दरवर्षी मृगाला हैदराबादला जाऊन दम्यावर उपाय म्हणून जिवंत मासा गिळून यायचे. मी शाकाहारी असल्याने त्याबद्दल मत देत नाही.

टिवल्याबावल्या

काका, माशाचं मत कुणी घेतलं का?

लेस्टरवासी

गंमत बघा, तुमचं पावडरीवरून पंपावर आणि माझं इथे इंग्लंडात नेमकं उलटं. मला वर्षानुवर्षं निळा पंप होता, म्हणजे सालब्युटॅमॉलचा, तुमची अस्थालिन तीच. आमच्या दवाखान्यातल्या फार्मासिस्टने बोलावून घेतलं आणि पावडरीचा दिला. कारण काय, तर हवामान! पंपातला फवारा ढकलणारा जो गॅस असतो तो तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त वाईट आहे म्हणे. इथल्या एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, एकूण कार्बन उत्सर्जनात एकट्या इनहेलरांचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून ज्यांना जमतं त्यांना पावडरीकडे वळवतात. जबरदस्ती नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं, ज्यांना ओढायला जोर नाही, त्यांना पंपच ठेवतात.

मला सुरुवातीला पावडर नकोशी झाली होती. पंपाचा तो 'फुस्स' आवाज कानाला इतका सवयीचा की त्याच्याशिवाय बरंच वाटेना. म्हणजे तुम्हाला खडखड हवी, मला फुस्स. औषध पोचण्याशी दोन्हीचा संबंध नाही.

फार्मासिस्टने एक रिकामी शिट्टीची नळी दिली होती सरावाला, बरोबर जोर लावला की वाजते. तुमच्याकडे मिळते का बघा.

उच्छ्वास

छातीविकारांचा डॉक्टर आहे. इथे कुणाला औषध लिहून देणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट करतो.

कृष्णाकाठ, तुमच्या डॉक्टरांनी अस्थालिन बंद करून एकच पंप दिला यामागे कारण आहे. सालब्युटॅमॉल श्वासनळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतं, पण आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतं ते स्टेरॉइड. माणसाला मात्र आराम पडतो निळ्या पंपाने, त्यामुळे तो निळ्याच्या प्रेमात पडतो आणि रोजचा सोडून देतो. 'जीना' ही दम्यावर मार्गदर्शक तत्त्वं काढणारी जागतिक संस्था आहे. तिने २०१९ साली सांगितलं की नुसत्या सालब्युटॅमॉलवर कुणालाही ठेवू नका. वर्षाला निळे तीन किंवा जास्त पंप लागत असतील, तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो.

फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करतं आणि बराच वेळ टिकतं, म्हणून बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा, म्हणजे तुमच्या फोराकोर्टचा, पंप रोजचाही आणि दम लागेल त्या वेळेचाही होऊ शकतो. वेळेला घेतलेल्या प्रत्येक फवाऱ्याबरोबर थोडं स्टेरॉइडही जातं. इथे वाचून दुसऱ्या कुणी हे आपापल्या पंपावर करू नका! सालमेटेरॉलचे पंप दिसायला तसेच असतात, पण त्यांना हा नियम लागू नाही. दिवसभरात मिळून जास्तीत जास्त किती फवारे चालतील ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. या मिश्रणातल्या फॉर्मोटेरॉल ६ मायक्रोग्रॅमच्या पंपाला मोठ्या माणसांसाठी ती मर्यादा १२ आहे. त्याच्या जवळपास जायची वेळ आली तर त्याच दिवशी दाखवायचं.

हात थरथरणं फॉर्मोटेरॉलमुळे. बहुतेकांचं काही दिवसांत कमी होतं. छातीत फार धडधडत असेल तर सांगा.

अडुळसा काका, तुमचे शेजारी शेवटपर्यंत पंपावर होते कारण त्यांचा आजार शेवटपर्यंत होता. चष्मा लागला की सुटत नाही म्हणून कुणी चष्म्याला दोष देत नाही. सवयीचं म्हणाल, तर आकडे बघा. सालब्युटॅमॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅम. एका गोळीत चाळीस फवारे. गोळी सगळ्या अंगभर फिरून मग छातीत जाते, फवारा थेट जागेवर. लोक गोळीला साधी समजतात आणि पंपाला जहाल. स्टेरॉइडचंही तसंच. पंपाचा डोस दीर्घकाळ खूप जास्त असेल तर मोतीबिंदू, हाडं यांवर लक्ष ठेवावं लागतं हे खरं, आणि म्हणूनच दोन-तीन महिने दमा नीट ताब्यात राहिला की आम्ही डोस उतरवतो. पण रोजचा पंप टाळून दर पावसाळ्यात झटका आणि दर झटक्याला स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स, यात हाडांचं जास्त नुकसान होतं. गावोगाव बिननावाच्या दम्याच्या पुड्या मिळतात, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं निघाल्याची प्रकरणं आहेत. 'जादूसारखा फरक' पडतो तो त्यामुळे.

अडुळसा

डॉक्टर, चाळीस फवाऱ्यांचा हिशेब मला माहीत नव्हता. परंतु पुडीवाल्यांची आणि आयुर्वेदाची गल्लत करू नये.

उच्छ्वास

नाहीच करत. उलट एक सांगतो, तुम्हाला आवडेल. दम्यावर धोत्र्याच्या पानांचा धूर ओढायची पद्धत आपल्याकडची. इंग्रजांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून नेली आणि पुढे युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या जात. धोत्र्यात अ‍ॅट्रोपिन असतं. आज नेब्युलायझरमध्ये वापरतात ते इप्राट्रोपियम आणि पंपातलं टायोट्रोपियम ही त्या अ‍ॅट्रोपिनचीच सुधारलेली नातवंडं. म्हणजे औषध श्वासातून घ्यायची कल्पना परकी नाही. (धोत्रा विषारी आहे. कुणी प्रयोग करू नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.)

इतिहासाचे_पान

डॉक्टरांच्या प्रतिसादात भर. आज आपण जो पंप बघतो तो १९५६ साली अमेरिकेत बाजारात आला. त्याआधी काचेचं भांडं आणि रबरी फुगा असा प्रकार होता, फुगा दाबत बसायचं आणि काच फुटली की संपलं. रायकर नावाच्या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तिने वडिलांना विचारलं, आईच्या केसांवर मारायच्या स्प्रेसारखं माझं औषध का मिळत नाही? वडिलांनी ते मनावर घेतलं. इतकी वर्षं झाली, आतला गॅस बदलला, औषधं बदलली, पण डबी आणि इंग्रजी एल आकाराची नळी तशीच आहे.

मात्र पुढचं प्रकरण काळं आहे. साठच्या दशकात इंग्लंडमध्ये आयसोप्रिनलीन या तात्पुरता आराम देणाऱ्या औषधाचे जास्त ताकदीचे पंप आले आणि त्याच काळात दम्याचे मृत्यू वाढले. कारणांवर बराच वाद झाला. नुसत्या तात्पुरत्या आरामावर राहू नका, असं डॉक्टर म्हणतात त्याला हीसुद्धा पार्श्वभूमी आहे.

चिमणीची_आई

स्पेसरबद्दल मी सांगते. माझी लेक तीन वर्षांची, मास्कवाला स्पेसर आहे. मास्क नाकातोंडावर नीट बसवायचा, एक फवारा सोडायचा आणि पाच-सहा श्वास होऊ द्यायचे. झडपेची टकटक ऐकू येते, ती मोजतो आम्ही दोघी. 'एक चिऊ आली, दोन चिऊ आल्या' असं. सुरुवातीला ती किंचाळायची आणि सासूबाई म्हणायच्या, रडतेय तर चांगलंच की, मोठा श्वास घेईल. डॉक्टर, हे खरं का हो?

आणि धुण्याचं लिहायचंच राहिलं. आमच्या मावशींनी स्पेसर भांड्यांबरोबर घासला आणि फडक्याने लख्ख पुसून ठेवला. त्यावरून दवाखान्यात बोलणी मला बसली.

उच्छ्वास

रडताना औषध छातीत कमी जातं, बरंचसं तोंडात आणि पोटात जातं. शांत असताना द्या, झोपेत दिलं तरी चालेल जर मास्क लावून ती उठत नसेल. चिऊ चालू ठेवा.

पुसायचं का नाही, तर प्लास्टिक घासलं की त्यावर स्थिर वीज येते आणि औषध हवेत तरंगायच्या ऐवजी भिंतीला जाऊन चिकटतं. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि निथळत ठेवायचा, फडकं लावायचं नाही. नवीन आणला की वापरायच्या आधी एकदा, नंतर महिन्यातून एकदा पुरे.

स्पेसर फक्त लहान मुलांसाठी हा मोठा गैरसमज आहे. दाबणं आणि ओढणं यांची वेळ जुळवायची कसरत त्याने संपते. मोठे, जड थेंब स्पेसरमध्येच थांबतात, घशावर बसत नाहीत, म्हणून खोकला आणि तोंड येणं कमी होतं. कृष्णाकाठ, तुम्ही नक्की घ्या.

ज्यांना विकत घेणं जमत नाही त्यांच्यासाठी: केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं होतं की अर्धा लिटरच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून नीट बसवली, तर ती मुलांच्या झटक्यात विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते. ग्रामीण रुग्णालयात असताना मी ते केलेलं आहे. भोक पंपाला घट्ट बसायला हवं, फट राहिली की काही अर्थ नाही.

सह्यभटक्या

मी दमा आणि सह्याद्री दोन्ही बाळगून आहे. चढाच्या आधी डॉक्टरांनी सांगितलेला फवारा घेतो आणि पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम रमतगमत चालतो. एकदम सुटलो की छाती आवळते. हिवाळ्यात मुक्कामी पंप सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका. पहाटे डबी गारठते आणि फवारा नीट येत नाही. मी झोपायच्या पिशवीत घेऊन झोपतो. उलट, उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवरही नको.

संपला का बघायला डबी पाण्यात टाकायची. तरंगली की संपली, बुडली की भरलेली.

काउंटरमागचा

सह्यभटक्या, बाकी सगळं पटलं, पण तरंगण्याचं सोडा. औषध संपल्यावरही डबीत गॅस उरतो, हलवली की आत खळखळतं, दाबली की फवाराही येतो. त्यात औषध असेलच असं नाही. शिवाय तोंडाशी पाणी गेलं तर भोक चोंदतं. आता बऱ्याच पंपांवर आकडा असतो, तो बघा. नसेल तर हिशेब करा: १२० फवाऱ्यांचा पंप, सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे महिना. सुरू केल्याची तारीख डबीवर पेनने लिहून ठेवा. प्लास्टिकची नळी मात्र आठवड्यातून एकदा, धातूची डबी बाहेर काढून, नळाखाली धुवायची आणि पूर्ण वाळवायची. डबी भिजवायची नाही.

पावडरवरून पंपावर किंवा उलट जाणाऱ्यांनी अजून एक बघा. सालब्युटॅमॉलची कॅप्सूल २०० मायक्रोग्रॅमची, पंपाचा फवारा १०० चा. त्यामुळे 'मी आधी एक घ्यायचो, आता दोन लिहिले, दमा वाढला वाटतं' असं घाबरून लोक दुकानात येतात. आकडे वाचा, फवारे मोजू नका.

किमतीचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हे मिश्रण २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, त्यामुळे त्यावर सरकारी किंमत मर्यादा आहे. डॉक्टरांना दुसऱ्या कंपनीचा स्वस्त चालेल का विचारायला लाजू नका. पण मनाने कंपनी बदलताना उपकरण बदलत नाही ना, ते आधी बघा.

मीठभाकरी

वाचनखूण साठवली. आमच्या घरी वेगळाच प्रश्न आहे. चतुर्थीला पंप चालतो का? आईंचा उपास कडक, त्या दिवशी दोन्ही वेळा पंप घेत नाहीत आणि रात्री साबुदाण्याची खिचडी खाऊन खोकत बसतात.

टिवल्याबावल्या

वर लिहिलंय की लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. दूध-साखर दोन्ही उपासाला चालतं. पंपात तर तेही नाही, नुसतं औषध आणि गॅस. निर्जळीलासुद्धा चालेल.

अडुळसा

औषधाने उपवास मोडत नाही, हे शास्त्रसंमत आहे. आईंना माझे नाव सांगा हवे तर.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. मधे परीक्षांचे पेपर आणि मुलांची ऑनलाइन माहिती भरायची गडबड, म्हणून उशीर झाला.

स्पेसर घेतला. त्याआधी आरशासमोर उभी राहून बघितलं, ओठांच्या डाव्या कडेने वाफ निघत होती. सावकाश ओढायला लागल्यापासून घशावरचा गार फटका जवळजवळ गेला, स्पेसर लावल्यावर तर अजिबात नाही. घेतल्यावर काहीच वाटत नाही, याची मात्र अजून सवय व्हायचीय. पण रात्री उठून बसणं थांबलंय, आणि ते एकदम नाही झालं. पहिल्या आठवड्यात फार फरक नव्हता, नंतर कधीतरी सकाळी लक्षात आलं की रात्री जाग आलीच नाही. खडूही आता सरळ चालतो.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून पीक फ्लो मीटर आणलाय, किती जोरात फुंकता येतं ते मोजायला. सकाळी तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात चांगला आकडा वहीत लिहायचा. चौथीची मुलं डोकावून विचारतात, बाई तुमचे मार्क किती आले?

आवाजाचं तेवढं जमत नाही. चूळ भरते, गुळण्या करते, तरी दुपारनंतर घोगरा होतोच. आणि शाळेत पंप घ्यायला अजून अवघड वाटतं. स्टाफरूममध्ये कुणीतरी 'अगं बाई, पंप?' म्हणतंच, जसं काही माझे थोडेच दिवस राहिलेत.

उच्छ्वास

आवाजावर स्पेसरचा उपयोग तोंड येण्याइतका होत नाही. स्टेरॉइडचे कण स्वरयंत्रातून जातातच आणि तिथल्या स्नायूंवर थोडा परिणाम होतो. डोस उतरला की बहुधा सुधारतं. सकाळचा पंप दात घासायच्या आधी घ्या, म्हणजे चूळ, ब्रश सगळं आपोआप होतं, आणि गुळणी घशापर्यंत जाऊ द्या, पाणी थुंकून टाका. तरीही राहिलं तर पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोला. सायक्लेसोनाइडसारखं औषध फुप्फुसात गेल्यावर कामाला लागतं, घशाला त्याचा त्रास कमी होतो. पण मग तुमची एकाच पंपाची सोय जाईल, ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं. तोंडात पांढरे डाग दिसले तर बुरशी असते, ती औषधाने जाते. त्यासाठी पंप बंद करू नका.

पीक फ्लो तुमच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर असला तर निर्धास्त. ५० ते ८० मध्ये आला तर लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे करायचं. ५० च्या खाली, किंवा बोलताना वाक्य पुरं करता येत नाही, ओठ निळसर दिसतात, पंप घेऊनही आराम नाही, तर फवारे घेत-घेतच दवाखाना गाठायचा.

स्टाफरूमसाठी माझ्याकडे औषध नाही.

लेस्टरवासी

कृष्णाकाठ ताई, टेबलावर सगळ्यांसमोर घ्या. दोनदा बघतील, तिसऱ्यांदा चहाचं विचारतील. तुमच्या वर्गातही एखादं पोर दम्याचं असेलच, ज्याला आई सांगते शाळेत पंप काढू नकोस. त्याला बाईंनी घेताना पाहू दे की.

कृष्णाकाठ

आहे एक. पी.टी.च्या तासाला कायम पोट दुखतं त्याचं. आई-वडिलांना बोलावलंय शनिवारी.

टिवल्याबावल्या

आता मस्करी बाजूला ठेवून. हे सगळं वाचून काल बाबांना म्हटलं, पंप घेऊन दाखवा. वय ७८, हाताची बोटं संधिवाताने वाकडी. आधी दोन्ही हातांनी दाबतात, मग पंप बाजूला करून 'हा' करून श्वास घेतात. औषध सगळं देवघराच्या दिशेने. आणि आम्ही सहा महिने म्हणतोय की गुण येत नाही, डॉक्टर बदलूया. स्पेसर पुरेल का वेगळं काही बघावं?

उच्छ्वास

आधी स्पेसर, तो बऱ्याचदा पुरतो. बोटांनी दाबणंच जमत नसेल तर श्वास घेतला की आपोआप सुटणारे पंपही मिळतात, पण तेच औषध त्यात आहे का ते बघावं लागतं. घरच्या कुणी दाबायचं आणि बाबांनी स्पेसरमधून संथ श्वास घेत राहायचं, हेही चालतं. डॉक्टर बदलू नका, पुढच्या भेटीला पंप आणि स्पेसर घेऊन जा आणि त्यांच्यासमोर घेऊन दाखवा.

काउंटरमागचा

स्पेसर घ्यायला जाताना बाबांचा पंप बरोबर न्या. प्रत्येक पंपाचं तोंड प्रत्येक स्पेसरच्या मागच्या भोकात बसतंच असं नाही. दुकानातच लावून बघा, आणि झडप हलते का तेही. उघडलेला स्पेसर आम्ही परत घेत नाही.